स्लिप बॉक्स उघडण्याआधी

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. डिप्लोमा करून ती मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला लागली आहे. "मामा, आज मला स्लिप गेजची पेटी दिली आणि रजिस्टरवर सही घेतली. सत्त्याऐंशी तुकडे आहेत. कॉलेजात लांबून दाखवले होते, हात लावू दिला नव्हता. आता काय करू?"

मी विचारलं, जेवलीस का? म्हणाली, हो, सगळ्यांबरोबर सेव-उसळ खाल्ली. म्हटलं, मग आज पेटी बंदच ठेव.

तिला वाटलं मामा चेष्टा करतोय. पण बडोद्याच्या सेव-उसळीची तर्री दोनदा साबण लावला तरी नखांच्या कडेला राहते, आणि तेवढी तर्री स्लिपच्या पाठीवर गेली तर दिवसभराची मापं खोटी निघतात. टूलरूम आणि इन्स्पेक्शन मिळून तीस-बत्तीस वर्षं मी या पेटीसोबत काढली. फोनवर सांगायला घेतलं तर तासभर गेला आणि अर्धंच झालं. म्हणून हे लिहून काढलं. तिच्यासारखी आणखी पोरं असतीलच.

आधी हात

स्लिप म्हणजे कडक केलेल्या पोलादाचा छोटा तुकडा. रुंदी ९ मिमी, लांबी ३० किंवा ३५ मिमी, आणि जाडी प्रत्येकीची वेगळी. ती जाडी तिच्यावर कोरलेली असते. समोरासमोरच्या दोन बाजू लॅप करून, म्हणजे बारीक घासून, आरशासारख्या सपाट केलेल्या असतात. काम या दोनच बाजू करतात. बाकीच्या चार बाजू धरायला. एवढं डोक्यात बसलं की निम्मी स्लिप वाचली.

व्हर्नियरने, मायक्रोमीटरने आपण मोजतो. स्लिपने मोजायचं नसतं, स्लिप हेच माप. मायक्रोमीटर खरं बोलतोय का, हे स्लिपला विचारायचं. त्यामुळे तिच्याशी वागताना हत्याराशी वागल्यासारखं वागून चालत नाही. माझ्या समजुतीने ती सोनाराकडच्या वजनांच्या जातीची.

हात साबणाने धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे. अंगठी, कडं काढून ठेवायचं. टेबलावर स्वच्छ पांढरा कपडा किंवा फेल्ट अंथरायचा, म्हणजे स्लिप हातातून सुटलीच तर लोखंडावर पडणार नाही. मोठ्या स्लिपसाठी सुती हातमोजे, पातळ स्लिपसाठी प्लॅस्टिकच्या टोकाचा चिमटा. मोज्यांचा कंटाळा सगळ्यांना येतो, मलाही यायचा.

त्या कंटाळ्याची किंमत मी पहिल्याच पावसाळ्यात मोजली. ऑगस्टचा शनिवार होता, संध्याकाळी दांडिया बाजारात गणपतीच्या वर्गणीला जायचं होतं. उघड्या हातांनी काम केलं, स्लिपा नुसत्या फडक्याने पुसल्या, पेटीत टाकल्या आणि पळालो. सोमवारी फोरमननी पेटी उघडली. १.०७ च्या स्लिपवर माझा अंगठा उमटला होता, तपकिरी गंजात. भिंगातून रेघन्‌रेघ मोजता येत होती. घामातलं मीठ आणि बडोद्याची दमट हवा, दोघांना दीड दिवस पुरला. ते गुजराती होते. फार बोलले नाहीत, "हाथ ना लगाड" एवढंच. ती स्लिप बाद झाली, नवी मागवली. जुनी मात्र त्यांनी भंगारात न टाकता माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. निवृत्त होताना मी ती घरी घेऊन आलो.

तर पुसणं. पेटीतल्या स्लिपांवर व्हॅसलीन किंवा गंजरोधक तेल असतं. ते व्हाइट पेट्रोलने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढायचं (जवळ विडी-सिगारेट किंवा ग्राइंडरच्या ठिणग्या नकोत), मग शॅमी लेदरने, म्हणजे मऊ चामड्याच्या फडक्याने, कोरडं करायचं. सगळी पेटी धुवायला काढू नका. लागतील तेवढ्याच स्लिपा बाहेर. कुठल्या लागतील ते आधी कागदावर मांडायचं.

शेवटच्या आकड्यापासून

भाचीने विचारलं, इतके तुकडे कशाला? खरं तर प्रश्न उलटा हवा. इतक्या थोड्यांत भागतं कसं? शंभर मिमीपर्यंत मायक्रॉनागणिक (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) वेगळं माप ठेवायचं म्हटलं तर एक लाख तुकडे लागतील.

हे कोडं १८९६ मध्ये स्वीडनमधल्या एका माणसाने सोडवलं. कार्ल एडवर्ड जोहान्सन त्याचं नाव, एस्किल्स्तुना गावच्या सरकारी बंदूक कारखान्यात नोकरी. स्वीडनला माउझर रायफल बनवायची होती, म्हणून त्याच्यासह काही लोकांना जर्मनीत ओबर्नडॉर्फला माउझरच्या कारखान्यात पाहणीसाठी पाठवलं. तिथे काय, तर प्रत्येक मापाला स्वतंत्र ठोकळा. ठोकळ्यांचा डोंगर. आपल्या गावी हे परवडायचं नाही, हे त्याला दिसत होतं. परतीच्या आगगाडीत बसून त्याने हिशेब मांडला. एस्किल्स्तुना येईपर्यंत उत्तर तयार होतं: १०२ तुकडे.

त्यांची मांडणी अशी. १.०१ पासून १.४९ पर्यंत शतांश मिमीने वाढणारे ४९. अर्ध्या मिमीपासून २४.५ पर्यंत अर्ध्या-अर्ध्याने वाढणारे ४९. आणि २५, ५०, ७५, १०० हे चार. एवढ्यात १ पासून २०१ मिमीपर्यंत शतांशाच्या पायरीने वीस हजार मापं बसतात.

वाण्याकडे पाच-सात वजनांत कुठलंही माप होतं, तसंच हे, असं कुणी म्हणेल. पण खरी अक्कल पहिल्या ओळीत आहे, आणि ती मला नोकरीला लागून दोन वर्षांनी कळली. ०.०१ मिमी हवंय म्हणून कुणी ०.०१ चा तुकडा करायला गेला तर हातात वर्खही राहणार नाही. म्हणून जोहान्सनने प्रत्येक शतांशाला एक अख्खा मिलिमीटर जोडून दिला. १.०१ घ्या, १.०२ घ्या. तो वाढीव मिलिमीटर बेरजेत आपोआप जिरतो.

पहिला संच त्याने घरीच केला. बायकोच्या शिलाई मशीनला घासायचं चाक जोडून. आमच्या घरी मी असा प्रयोग केला असता तर जेवायला खानावळ शोधावी लागली असती. पेटंट मिळायला पुढे काही वर्षं गेली.

त्या आगगाडीतल्या हिशेबाच्या सहा वर्षं आधी, १८९० मध्ये, सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन सुरू केलं होतं. माझे आजोबा पुढे तिथे शिकले. त्यांच्या पेटीत पितळी फूटपट्टी आणि कॅलिपर, आणि तोंडी माप सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिमीहून थोडं जास्त. त्यांच्या एका सुतात आज भाची तीन हजार मायक्रॉन मोजते.

आता आपल्या ८७ च्या पेटीत काय असतं ते पाहा. १.००१ ते १.००९ नऊ, १.०१ ते १.४९ एकोणपन्नास, ०.५ ते ९.५ एकोणीस, १० ते ९० दहादहाने नऊ, आणि १.०००५ ची एक. समजा ५८.९७५ हवंय. नवखा माणूस ५० पासून सुरू करतो आणि अडकतो. सुरुवात उजवीकडून, शेवटच्या आकड्यापासून करायची.

शेवटी ५ आहे, म्हणून १.००५ घ्या. उरले ५७.९७.
आता शतांश मारायचे. १.४७ घ्या. उरले ५६.५.
६.५ घ्या. उरले ५०.
५० घ्या. संपलं.

चार स्लिपा. शतांशाच्या पायरीवर ०.९७ ला ०.९७ शोधायचं नाही, पुढे अर्धा उरेल असं पाहायचं. म्हणून १.४७. इथे बहुतेकांचं गाडं अडतं. दोन-चार मापं कागदावर सोडवली की बोटं आपोआप योग्य खणावर जातात.

पेटीसोबत दोन प्रोटेक्टर असतील, बहुधा टंगस्टन कार्बाइडचे, तर ते टोकांना लावायचे, म्हणजे झीज त्यांची होईल. पण त्यांची जाडी आधी वजा करायची. दोन्ही २ मिमीचे असतील तर ५८.९७५ मधून ४ गेले, ५४.९७५ राहिले: १.००५, १.४७, २.५, ५०. ही वजाबाकी विसरल्यामुळे ४ मिमीने चुकलेला जॉब, म्हणजे बनवायचा तुकडा, मी पाहिला आहे. करणारा माणूस हुशार होता. मायक्रॉनवर इतकं लक्ष होतं की मिलिमीटर निसटले.

आणि स्लिपा जितक्या कमी तितकं बरं. चार, फार तर पाच. प्रत्येक जोडात थोडी चूक शिरतेच.

धरते कशी

स्लिपा एकमेकींना चिकटवणं, म्हणजे ज्याला टूलरूममध्ये रिंगिंग म्हणतात, ते लिहून शिकवणं पोहणं लिहून शिकवण्यासारखं आहे. तरी सांगतो.

मोठी स्लिप डाव्या हातात, चमकती बाजू वर. दुसरी स्लिप तिच्यावर आडवी, अधिकच्या चिन्हासारखी, अलगद ठेवायची. दाब नाही. हलकेच मागे-पुढे सरकवायची. आधी ती बर्फावरून घसरावी तशी घसरते. मग जड होते, मध्येच कुणी खालून धरल्यासारखी. त्या क्षणी बोटांनी किंचित दाब देत नव्वद अंशांत फिरवायची, की दोघी एका रेषेत येतात. आता वरची धरून उचला. खालची सोबत आली की जोड झाला. पहिल्यांदा उचलताना फेल्टपासून इंचभरच वर.

अगदी कोरडीठाक स्लिप कधीकधी धरत नाही. फेल्टच्या तुकड्यावर पातळ तेलाचा थेंब टाकून त्यावर स्लिप एकदा फिरवायची, मग ते तेल पुसून काढायचं. पुसल्यावरही जे राहतं तेवढंच पुरे. डोळ्याला दिसलं तर जास्त झालं.

पातळ स्लिपा वाकतात. म्हणून आधी जाड जाडीला जोडायची, मग मधल्या, आणि सगळ्यात पातळ शेवटी. दोन पातळ स्लिपा नुसत्या एकमेकींना जोडून मग ठोकळ्यावर बसवायच्या नाहीत.

दोन स्लिपांमधली हवा निघून जाते म्हणून त्या चिकटतात, असं मलाही शिकवलं होतं. हिशेब करून बघा. ९ बाय ३० ची बाजू म्हणजे २७० चौरस मिमी. हवेचा दाब तिच्यावर साधारण पावणेतीन किलोचं वजन टाकेल. नीट जोडलेल्या स्लिपा सरळ ओढून वेगळ्या करायला त्याच्या कितीतरी पट जोर लागतो. अतिसपाट पृष्ठभाग इतके जवळ आले की रेणूंची आपसातली ओढ आणि मधला द्रवाचा पातळ पापुद्रा मिळून त्यांना धरतात. हवेचा वाटा त्यात थोडाच.

धरलीच नाही, तर जोर नाही लावायचा. पुन्हा पुसायची. तरी नाही, तर कडेला बारीक बर, म्हणजे धातूचा उठलेला कंगोरा, आला असेल. ऑप्टिकल फ्लॅट, म्हणजे अगदी सपाट काच, असेल तर त्याखाली प्रकाशाच्या पट्ट्या वाकड्या दिसतील. स्लिपसाठी वेगळा डिबरिंग स्टोन मिळतो, त्यावर हलक्या हाताने दोन-तीन फेऱ्या, की बर जातो. टूलरूममध्ये टूलला धार लावायचा दगड असतो, तो मात्र नाही. एक स्लिप बर असलेली, आणि ती दहा जणींवर घासली, की दहाही जणी खराब.

बडोद्याचा मे महिना

माझ्या मते चांगला आणि सामान्य इन्स्पेक्टर यांच्यातला फरक इथे दिसतो, म्हणून इथे जरा थांबतो.

पोलाद तापलं की वाढतं. मीटरभर पोलाद एक अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन. ५० मिमीची स्लिप तुम्ही तळहातावर धरून शेजारच्याशी दोन मिनिटं बोललात आणि ती चार अंशांनी तापली, तर ती २.३ मायक्रॉनने वाढली. आणि पहिल्या ग्रेडच्या ५० मिमी स्लिपला चुकायची मुभा किती? ०.४ मायक्रॉन. म्हणजे कारखान्याने जी अचूकता पैसे मोजून विकत घेतली, ती तुम्ही गप्पांत पाचपटीहून जास्त उडवलीत.

स्लिपवर कोरलेला आकडा खरा असतो २० अंश सेल्सिअसला. का २०? मीटरची पट्टी तेव्हा शून्य अंशाला खरी मानत, इंग्रजांचा यार्ड ६२ अंश फॅरनहाइटला. शून्य अंशात कोण काम करतं? जोहान्सनने आपल्या स्लिपा २० अंशांवर बांधल्या, कारण त्याच्याकडच्या कारखान्यात माणूस साधारण तेवढ्यात बसतो. स्लिपा जिथे जिथे गेल्या तिथे तिथे २० अंश गेले, आणि १९३१ मध्ये मापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने तेच प्रमाण तापमान ठरवलं. एस्किल्स्तुनातल्या माणसाला सोसवणारी हवा आज आपल्या एसी रूमच्या भिंतीवर लिहिलेली असते. बाहेर बेचाळीस.

मग एसी रूम नसेल तर काम करायचंच नाही का? करायचं. युक्ती अशी, की जॉब आणि स्लिप दोन्ही पोलादी असतील आणि दोन्ही एकाच तापमानाला असतील, तर दोन्ही सारखेच वाढतात आणि चूक जवळजवळ कटते. बेचाळीस अंशांत १०० मिमीची स्लिप २५ मायक्रॉनने मोठी झाली, तशीच जॉबची १०० मिमीही झाली. तुलना बरोबर येते. पण दोघांनी सोबत बसायला हवं. मशीनवरून उतरलेला गरम जॉब आणि पेटीतून काढलेली गार स्लिप यांची लगेच भेट घालायची नाही. दोन्ही एका सरफेस प्लेटवर, म्हणजे मापासाठीच्या सपाट लोखंडी पाटावर, ठेवायचे आणि तास-दीड तास दुसरं काम करायचं. प्लेटचं लोखंड दोघांना एका पंगतीला आणतं. पंखा थेट त्यांच्यावर नको, खिडकीचं ऊन नको, वर टेबललॅम्प तर नकोच.

ॲल्युमिनियमचा जॉब असेल तर ही युक्ती फसते. ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट वाढतं. मे महिन्यात आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचा एक लॉट मी स्वतः पास केला, साधारण १०० मिमीचं बोअर (आतलं गोल भोक), आणि गिऱ्हाइकाने त्यांच्या थंड खोलीत मोजून २० मायक्रॉनहून जास्त लहान म्हणून सगळा परत पाठवला. मी चार दिवस त्यांच्या मायक्रोमीटरला शिव्या देत होतो. पाचव्या दिवशी कागद घेऊन बसलो: ११.५ चा फरक, ०.१ मीटर, २२ अंश. उत्तर आलं २५ मायक्रॉन. त्यांचा मायक्रोमीटर निर्दोष सुटला. तेव्हापासून ॲल्युमिनियम, पितळ काही आलं की आधी एसी खोली रिकामी आहे का ते विचारायचं.

इंचाचीही गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण अजून अमेरिकेची ड्रॉइंग येतात आणि पोरं २५.४ ने गुणतात. हा आकडा आभाळातून पडलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेचा इंच २५.४ हून केसभर मोठा होता आणि इंग्लंडचा केसभर लहान. 'केसभर' म्हणतोय खरं, पण केस ७० मायक्रॉनचा असतो आणि हा फरक एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही कमी. तरी इंची स्लिपा करणाऱ्याला एक आकडा धरावाच लागतो. जोहान्सनने दोघांच्या मधला सुटसुटीत २५.४ धरला. कारखानदारांच्या पेट्यांमध्ये तोच इंच होता, म्हणून १९३० मध्ये इंग्लंडच्या आणि १९३३ मध्ये अमेरिकेच्या औद्योगिक मानकाने तो घेतला, आणि १९५९ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या सहा देशांनी मिळून त्यावर शिक्का मारला. सरकारं मागाहून आली.

जोहान्सन अमेरिकेत राहायला दोनदा गेला. पहिल्यांदा १८८२ मध्ये, अठराव्या वर्षी, भावासोबत, मिनेसोटात. त्या काळात दहा लाखांहून जास्त स्वीडिश माणसं पोटासाठी तिकडे गेली, त्यांतला हा एक. थोडं काम, थोडं कॉलेज, आणि दोन वर्षांत परत. दुसऱ्यांदा १९२३ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, हेन्री फोर्डकडे डिअरबॉर्नला. या वेळी त्याच्या आधी त्याच्या स्लिपा पोचल्या होत्या. कॅडिलॅकच्या हेन्री लीलंडने त्या आधीच घेतल्या होत्या, आणि तिथले टूलरूमवाले त्यांना 'जो-ब्लॉक' म्हणत. एका मोटारीचा पार्ट दुसरीत न घासता बसला पाहिजे, हे डेट्रॉइटचं सगळं गणित. त्यासाठी सगळ्या कारखान्यांचा इंच एकच हवा. बहात्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, तो गावी परतला. आमचे पूर्वज गायकवाडांबरोबर बडोद्यात आले आणि दोन पिढ्यांत वरणात गूळ घालायला लागले. हा मात्र दोन्ही वेळा आपलं माप घेऊन परतला, आणि दुसऱ्यांदा येताना ते तिथेही ठेवून आला.

कामाला लावणं

रोजचं काम तुलनेचं. जॉबची उंची ५८.९७५ हवी असेल तर तेवढी स्लिपांची थप्पी सरफेस प्लेटवर उभी करायची, डायल (काट्याचं मापयंत्र) तिच्यावर टेकवून शून्य करायचा, मग डायल जॉबवर न्यायचा. काटा किती हलला तेवढाच फरक. इथे डायलला ५८ मिमी मोजावे लागत नाहीत, चार-पाच मायक्रॉन मोजावे लागतात, आणि तेवढं तो प्रामाणिकपणे मोजतो. परत थप्पीवर येऊन शून्य शून्यच आहे ना, हे पाहायचं. शून्य सरकलं असेल तर सगळं पुन्हा.

मायक्रोमीटर तपासताना नवखी पोरं ५, १०, १५, २०, २५ च्या स्लिपा लावतात आणि सगळं बरोबर म्हणून सही करतात. मायक्रोमीटरचा स्क्रू एका फेऱ्यात अर्धा मिमी सरकतो. पूर्ण मिलिमीटरच्या मापाला थिंबल, म्हणजे फिरवायची आकडे कोरलेली नळी, दर वेळी शून्यावरच येऊन थांबतं. म्हणजे तुम्ही फेऱ्यातली एकच जागा पाच वेळा तपासलीत. म्हणून २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५, १७.६, २०.२, २२.८, २५ असे विचित्र आकडे घेतात. थिंबल फेऱ्यातल्या पाच वेगवेगळ्या जागी थांबतं. ५.१ म्हणजे १.१ आणि ४. १२.९ म्हणजे १.४, १.५ आणि १०. २०.२ म्हणजे १.२, ९ आणि १०.

साईन बारही थोडक्यात, म्हणजे कोन मांडायची, दोन टोकांना रोलर असलेली पट्टी. २०० मिमीचा बार आणि ५ अंश हवेत तर साईन ५ गुणिले २०० म्हणजे १७.४३१. उजवीकडून: १.००१, १.४३, ५, १०. ही थप्पी एका रोलरखाली ठेवली की बार बरोबर ५ अंशांत. ४५ च्या पुढच्या कोनांना साईन बार वापरू नका. तिथे उंचीतली छोटी चूक कोनात मोठी होते.

एक सावधगिरी. स्वीडनमध्ये जोहान्सन आडनाव आपल्याकडच्या कुलकर्ण्यांइतकं सर्रास आहे. माझ्याच टेबलावर दोन जोहान्सन असायचे. दुसरा एन्कोपिंगचा योहान पेटर, ज्याने १८९२ मध्ये ॲडजस्टेबल पान्याचं पेटंट घेतलं. तो पाना स्लिपांच्या टेबलावर ठेवायचा नसतो, तेवढ्यासाठी सांगितलं. बाकी स्वीडनची माणसं टूलरूमभर पसरलेली आहेत. १० मिमीची गोळी ३,००० किलोच्या भाराने दाबून कडकपणा मोजायची रीत १९०० मध्ये ब्रिनेलने दाखवली. मिलच्या वाकड्या शाफ्टला स्वतःच जुळवून घेणारं बॉल बेअरिंग १९०७ मध्ये गॉथेनबर्गच्या विंगक्विस्टने केलं. आणि माझ्या हत्यारांच्या पिशवीची चेन, तीही १९०५ मध्ये अमेरिकेला गेलेल्या गिडियन सुंडबॅकची.

पेटी बंद करताना

काम झालं की थप्पी लगेच सोडवायची. रात्रभर जोडून ठेवलेल्या स्लिपा सकाळी सुटेनाशा होतात आणि सुटताना पृष्ठभागाचा कण ओढून नेतात. सोडवताना सरळ ओढायचं नाही. जशा सरकवून जोडल्या तशाच सरकवून, फिरवून सोडवायच्या.

मग पुन्हा पेट्रोल, पुन्हा शॅमी, आणि हातमोजे घालूनच व्हॅसलीनचा पातळ हात. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी, तीही महिन्याला बदललेली. पेटी खिडकीजवळ नको, कूलरजवळ तर मुळीच नको. प्रोटेक्टर आणि रोज लागणाऱ्या १०, २० च्या स्लिपा लवकर झिजतात, म्हणून पेटी वेळेवर एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबला पाठवायची, आणि परत आल्यावर सर्टिफिकेट फाईलला न लावता आधी वाचायचं. कुठली स्लिप किती चुकते ते त्यात लिहिलेलं असतं.

झाकण लावण्याआधी खण मोजायचे. नजरेने नाही, बोटाने, ओळीओळीने.

एकदा शिफ्ट सुटताना अर्ध्या मिमीची स्लिप सापडेना. अर्धा मिमी म्हणजे पोस्टकार्डापेक्षा जाड, तरी नखाने उचलावी लागते. आम्ही तिघांनी फरशी झाडली, कचऱ्याचा डबा उलटा केला, चुंबक फिरवला. रात्रीचे साडेनऊ झाले. ज्याच्या नावावर पेटी होती तो रडकुंडीला आला. शेवटी झाडूवाल्या मावशींनी खिडकीत वाळत घातलेली शॅमी उचलून झटकली.